राहिलेली ओवाळणी

आमच्या घरात माझ्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. आई 'तुझं ते' म्हणायची. 'तुझं ते घेतलंस का', 'तुझं ते संपत आलं का'. वडील तेवढंही बोलायचे नाहीत. जेवायला बसल्यावर माझ्याकडं बघायचे, मी मान हलवली की पहिला घास घ्यायचे. पंधराव्या वर्षी मला साखरेचा आजार झाला. लहान वयात होतो तो, ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं आणि रोज टोचून घेण्यावाचून इलाज नसतो. भात बंद केला, कारल्याचा रस प्याला, असं करून त्यात भागत नाही. हे मी शिरूरच्या निम्म्या बायकांना नीट समजावून सांगितलं असतं, पण सांगायची सोय नव्हती. मुलगी लग्नाची होती ना.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून होते, वडील एसटी डेपोत मेकॅनिक. पुण्याला मी ज्या डॉक्टरांना दाखवायचे, त्यांनी एकदा तपासणी झाल्यावर मला बसवून घेतलं. म्हणाले, बाहेरच्या देशातून येणारं जे इन्सुलिन आपण वापरतो, तसंच आता आपल्याकडं तयार झालंय. ते त्याच्या तोडीस तोड आहे की नाही हे बघायचंय, तुझ्यासारख्या मोठ्या वयाच्या पेशंटांवर. निम्म्यांना जुनं मिळणार, निम्म्यांना नवं. बाटल्या दोन्हींच्या सारख्याच, वर फक्त ज्याचा त्याचा नंबर. कुणाला काय मिळालं हे पेशंटला ठाऊक नाही नि डॉक्टरांनाही नाही. सगळं संपल्यावर यादी उघडायची.

रात्रीचं दुधाळ इन्सुलिन आमचं नेहमीचंच राहणार होतं. कसोटी होती ती जेवणाआधी टोचायच्या, पाण्यासारख्या स्वच्छ औषधाची. साखर बघायचं मशीन मिळणार होतं, एक वही मिळणार होती, आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याला पुढची दोन वर्षं इन्सुलिन फुकट. मी लगेच सही केली. तिथल्या सिस्टरनं नियम सांगितले, तेही तीन-तीनदा. बाटली गार जागी ठेवायची. टोचण्याआधी उजेडाकडं धरून बघायची. रिकामी झाली तरी टाकायची नाही, नंबर बघून परत द्यायची. आणि आपली बाटली दुसऱ्याला द्यायची नाही, दुसऱ्याची आपण घ्यायची नाही. मी वर्गातल्या हुशार मुलीसारखी मान डोलावत होते.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर मला दादा भेटले. दौंड तालुक्यातले, यवतपासून दहा-बारा किलोमीटर आत गाव. त्यांचे आजोबा-पणजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे, वडलांनी जमीन केली, आता कांदा नि ऊस. घरी वीसेक मेंढरं होतीच. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, पण पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायला लागले. माझ्यासारखाच त्यांचाही आजार लहानपणचा. आयुष्यात पहिल्यांदा मला असं माणूस भेटलं होतं, ज्याच्यासमोर सुई काढायला आडोसा लागत नव्हता. आम्ही बाकावर बसून सरळ डबे उघडायचो, सुया काढायचो, टोचायचो नि जेवायचो. बाजूची माणसं बघत राहायची. दादा म्हणायचे, "बघू द्या की. तिकीट थोडंच हाय."

टोचण्याआधी बाटली उजेडाकडं धरायचा नियम त्यांनी एकट्यानंच मनावर घेतला होता. एक डोळा मिटून, बाटली फिरवून फिरवून बघायचे, मेंढरू विकत घेताना त्याचा डोळा बघावा तसं. मी त्यांची थट्टा करायचे. "दादा, काय दिसतंय? पंढरी दिसतीय का?" ते म्हणायचे, "न्हाई ताई, पर जनावर आन् औषध न बघता घिऊ ने, आसं आबा सांगायचं." मी एकदाही बघितलं नाही. शिकलेली ना मी.

दिवाळीत आमची दवाखान्याची महिन्याची फेरी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आली. मला सख्खा भाऊ नाही. मी घरून कुंकवाची डबी नि सुपारी नेली होती. दवाखान्यात निरांजन कुठलं लावणार? बोटातली अंगठी काढली, सुपारी आणि अंगठी घेऊन त्याच बाकावर त्यांना ओवाळलं. टोपी नीट करून ते ताठ बसले होते. मग खिसे चाचपायला लागले, आणि चेहरा एवढासा झाला, कारण खिशात परतीच्या तिकिटापुरतंच होतं. मी म्हटलं, "राहू द्या दादा. ओवाळणी राहिली तुमच्याकडं. मी मागेन तेव्हा द्या, आणि मोठी मागेन." ते म्हणाले, "मागा ताई, कवा बी मागा. न्हाई म्हणलो तर विचारा." आम्ही दोघंही हसलो. सिस्टर आतून ओरडली की हे लग्नाचं कार्यालय नाही.

माघापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग उन्हाळा आला आणि त्याच्याबरोबर माझ्यासाठी स्थळं यायला लागली. मांडवगणची एक मावशी, आईची लांबची बहीण, लग्न जमवण्यात पटाईत. तिची लेक शिरूरला बाळंतपणाला आली होती, म्हणून तीही दीड-दोन महिने शिरूरलाच होती, आणि रोज दुपारी आमच्याकडं येऊन बसायची. यवतचं एक चांगलं स्थळ तिनं आणलं होतं. मुलगा हायवेला हार्डवेअरचं दुकान चालवायचा, माणसं साधी. आई हरखून गेली होती नि धास्तावलीही होती. मावशीचे डोळे घारीसारखे, घरातलं मीठ कुठल्या बरणीत आहे तेही तिला ठाऊक.

आमच्याकडं फ्रीज नव्हता. सिस्टरनं शिकवलं तशी मी माठाच्या तिवईखाली सोय केली होती. एक छोटं गाडगं, त्यात ओली वाळू, वाळूत वाटी, वाटीत कोऱ्या बाटल्या, वरून ओलं फडकं. चालू बाटली पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळून मी ऑफिसला न्यायचे. महिन्याला तीन बाटल्या मिळायच्या. एक संपली की गाडग्यातून दुसरी काढायची.

आणि एप्रिलपासून माझी साखर चढायला लागली. वहीतले आकडे बघून माझा मलाच राग यायचा. मी एक कणही गोड खात नव्हते. तहान लागायची, अंग गळून जायचं, आरशात बघितलं की गालफडं बसलेली. आणि पंधरा दिवसांनी यवतची माणसं बघायला येणार होती. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला, मग फोनवरून आणखी वाढवला. फरक शून्य. तिकडं दादांची वही म्हणजे मोत्याचे दाणे. मेच्या ऐन उन्हात हा माणूस दिवसभर शेतात, तरी साखर जागच्या जागी.

मग माझ्या डोक्यात भुंगा शिरला. मला नवं मिळालंय आणि त्यांना जुनं. मला देशी, त्यांना परदेशी. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातली मी. आपल्याकडं बनलेलं ते डावं असणारच, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. कशावरून, तर शेजारणीच्या ताटातला लाडू मोठा दिसतो म्हणून. डॉक्टरांना सांगावं, तर ते मला कसोटीतून बाहेर काढतील, मग मशीनही गेलं नि दोन वर्षांचं इन्सुलिनही गेलं. मी नाही सांगितलं.

बाजाराच्या दिवशी दादा दोन बोकडं घेऊन शिरूरला आले होते. संध्याकाळी पाचला मी ऑफिसातून सुटले तेव्हा एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत न्हावऱ्याकडच्या गाडीची वाट बघत बसले होते. ते बाजाराला आले की आम्ही दोघं रसवंतीत बसायचो आणि पाणी प्यायचो, मालकाला ते माहीत होतं. पुढच्या फेरीला दहा दिवस राहिले होते. माझी चालू बाटली संपली होती, घरी एक कोरी उरली होती. दादांनीही त्यांची शेवटची कालच फोडली होती, ती स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात होती.

मी म्हटलं, "दादा, ओवाळणी राहिलीय तुमच्याकडं."

"व्हय की. मागा."

"तुमची बाटली मला द्या. माझी तुम्ही घ्या. दहा दिवसांचा प्रश्न आहे. पुण्याला बाकावर परत बदलून घेऊ, नंबर ज्याचे त्याला."

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, ते नियमात बसत न्हाई."

आणि मी, एवढी शिकलेली बाई, काय म्हणाले? म्हणाले, "ओवाळणीला नियम असतात होय? भाऊ म्हणवता ना?" माझ्या बोलण्याची मला अजून शिसारी येते. त्यांनी 'न्हाई म्हणलो तर विचारा' म्हटलं होतं, त्यात मी त्यांना बरोबर अडकवलं. त्यांनी स्टीलचा डबा मांडीवर घेतला. मग डबा उघडून बाटली माझ्या हातात दिली. मी धावत घरी गेले, माठाखालच्या गाडग्यातून माझी कोरी बाटली काढली. हाताला गारच लागली. रुमालात गुंडाळून आणून दिली. गाडी लागलीच होती. ते खिडकीतून म्हणाले, "ताई, जेवून घ्या येळंवर."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाटलीतून मी माझा वाढवलेला डोस टोचला आणि तासाभरात ऑफिसात मला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. साखर एकदम खाली. ड्रॉवरमधली साखर तोंडात कोंबली, आणि हे लिहायला लाज वाटते, मला आनंद झाला. बघा, हीच खरी बाटली, मी म्हणतच होते! डोस पहिल्यासारखा कमी केला. तीन-चार दिवसांत अंगात जीव आला, चेहरा भरला. यवतची माणसं आली, पोहे झाले, मुलगा दोनदा माझ्याकडं बघून हसला. आई देवापुढं साखर ठेवून आली. त्या सगळ्या दिवसांत माझी बाटली टोचून घेणाऱ्या माणसाचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनात एकदासुद्धा आला नाही. एकदाही नाही.

फेरीच्या दिवशी बाकावर दादा नव्हते. मी अर्धा तास वाट बघितली. पर्समध्ये त्यांची बाटली होती, माझी त्यांच्याकडं, आणि आत जाऊन आपापल्या नंबरची बाटली द्यायची होती. तेवढ्यात जिन्यावरून त्यांची बायको उतरताना दिसली. वहिनींना मी एकदाच भेटले होते. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. म्हणाल्या, चार दिवस झाले, वर वॉर्डात आहेत. आधी तहान तहान करायचे, मग उलट्या लागल्या, मग धाप. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. उन्हाळ्यात उलटी म्हणजे ऊनच, आमच्याकडं दुसरं काही सुचत नाही. म्हणून कैरीचं पन्हं दिलं, गुळाचं, तांब्यावर तांबे. पोटात काही ठरेना म्हणून त्यांनी रात्रीचंही टोचायचं बंद केलं. शुद्ध हरपायला लागली तेव्हा दौंडला नेलं, दौंडहून इथं. दोन दिवस काही खरं नव्हतं.

एवढं सांगून त्यांनी पदराच्या गाठीतून माझी बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "ह्यांनी सांगितलंय, ही ताईची हाय, गुपचूप दे. जपून न्या." त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं म्हणून चार दिवस त्यांनी ती पदरात सांभाळली होती.

मी बाटली रुमालात गुंडाळली नि वर गेले. दादा पडले होते, ओठ फुटलेले, हाताला सलाईन. त्यांच्या उशाशी सिस्टर फाइल घेऊन उभी होती आणि ओरडत होती. "फुटली म्हणजे? काचा कुठं आहेत? लेबल तरी आणायचं. एवढं शिकवलं तुम्हाला, तरी बाटली कशी ठेवली, कुठं ठेवली, काय टोचलं, काही पत्ता नाही." दादा म्हणाले, "चुकलं बाई. उकिरड्यात गेली." सिस्टर म्हणाली, "मला लिहावं लागेल. सूचना पाळल्या नाहीत. तुम्हाला यातून काढतील, आणि पुढचं इन्सुलिनही बंद." त्यांनी डोळे मिटले नि म्हणाले, "लिवा."

त्यांची न फुटलेली बाटली माझ्या पर्समध्ये होती. माझ्यापासून त्यांची खाट चार पावलं. पर्सची चेन उघडायची होती, बस. मी उघडली नाही. उघडली असती तर कसोटीतून दोघंही गेलो असतो, आणि चौकशीत घरी पत्र गेलं असतं, मावशीनं वाचलं असतं, यवतचं मोडलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात त्या एका क्षणात आलं, हिशोब करायला मी पहिल्यापासून पक्की. मूग गिळून उभी राहिले. दादांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सिस्टरला कळलं असतं, म्हणून नाही बघितलं. नंतर सुचलं की ती बाटली निदान वहिनींना दिली असती तर घरात सापडली म्हणून सांगता आलं असतं. तेव्हा तेही सुचलं नाही. खाली येऊन मी माझ्या नंबरच्या बाटल्या मोजून दिल्या. सिस्टर म्हणाली, "बघ, तुझं कसं व्यवस्थित असतं."

त्या दिवशी मी ऑफिसात न जाता सरळ घरी आले. दुपारचे दोन वाजले होते. माठाखाली गाडगं नव्हतं. आई शिडीवर होती, माळ्यापाशी. मला बघून दचकली.

"गाडगं कुठंय?"

"अगं, वर ठेवलंय. मावशी येईल आता. ती पाणी प्यायला माठाशी जाते, तिनं बघितलं म्हणजे? तू गेलीस की मी रोज वर ठेवते, तू यायच्या आत खाली. वाळू परत ओली करते की. तुला कधी कळलं तरी का?"

आमचा माळा म्हणजे पत्र्याखालची हातभर जागा. मी शिडी चढले, गाडग्यात हात घातला. वाळू कोरडी होती आणि फुटाणे भाजायच्या वाळूसारखी तापली होती. एप्रिलपासून माझी प्रत्येक कोरी बाटली रोज दुपारी तिथं शिजत होती आणि संध्याकाळी माठाखाली गार होऊन मला मिळत होती. देशी नव्हे नि परदेशी नव्हे. नुसतं मेलेलं औषध मी दादांना ओवाळणी म्हणून गळ्यात मारलं होतं.

मी आईला वाटेल ते बोलले. ती रडायला लागली, म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच ना गं." खरंच होतं ते. आणि मी पर्स बंद ठेवली तीही माझ्या भल्यासाठीच. आई अडाणी होती, तिला औषध तापतं म्हणजे काय होतं हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळीसुद्धा स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन करता आला असता. मी दोनदा बूथपर्यंत गेले, दोनदा परत आले.

लग्न झालं. दादांना पत्रिका पाठवली, ते आले नाहीत. वहिनींच्या हातून एक खण आला. आणि ज्यासाठी एवढा आटापिटा केला त्याचं काय झालं ते ऐका. लग्नानंतर महिन्याभरात सासूबाईंनी मला टोचताना बघितलं. मी सुई तशीच हातात धरून उभी. त्यांनी विचारलं, "दुखतं का गं?" मग फ्रीजच्या दारातली कोथिंबीर काढली नि म्हणाल्या, "हितं ठेव, आन् सांगायचं नव्हं का आधी." बस, संपलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमची सगळी कसरत एका कोथिंबिरीच्या जुडीएवढ्या जागेनं संपली. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. सासूबाईंना वाटलं माहेरची आठवण आली.

कसोटी संपली, यादी उघडली. डॉक्टरांनी सांगितलं, माझं नवं होतं, आपल्याकडचं. एकदम छान चाललंय म्हणाले, जुन्याच्या बरोबरीनं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते दौंडकडचे होते ना, मध्येच गेले, त्यांना कोणतं होतं?" त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "त्यांचंही हेच." म्हणजे दोन्ही बाटल्या एकाच घाण्यातल्या. मला पुढची दोन वर्षं इन्सुलिन फुकट मिळालं. मी ते घेतलं.

माझं सासर यवतला, दादांचं गाव तिथून दहा-बारा किलोमीटर. सात वर्षं मी गेले नाही. कानावर यायचं. ते आता कधी सरकारी दवाखान्यातलं, कधी विकतचं टोचतात, कधी दोन दिवसांचं तीन दिवस पुरवतात, असं दुकानात येणारं त्यांच्या गावचं माणूस सांगायचं. मी चहा पुढं करायचे नि विषय बदलायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मग एकदा यवतच्या स्टॉपवर मला ते दिसले. वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. एसटी आली. पाटी त्यांच्या समोर होती, तरी त्यांनी वहिनींना विचारलं, "कुठली हाय गं?" मी केळ्यांच्या गाडीमागं सरकले. आंधळ्या होत चाललेल्या माणसापासून मी लपले. एसटी निघून गेली आणि केळीवाला म्हणाला, "वहिनी, काय देऊ?"

आठ दिवसांनी मी गेले. भाऊबीजच होती. ओसरीत दादा बसले होते. मी हाक मारली तसं त्यांनी आवाजावरून ओळखलं, "ताई, या." मी ओवाळायचं ताट खाली ठेवलं, बसले आणि न थांबता सगळं सांगून टाकलं. माळा, पत्रा, वाळू, त्यांची बाटली पर्समध्ये असताना मी गप्प उभी राहिले ते, यादी, दोन वर्षांचं फुकट इन्सुलिन. म्हटलं, "तुमचे डोळे माझ्यामुळं गेले दादा. मला माफ करा म्हणायचीही माझी लायकी नाही."

त्यांनी चाचपून टोपी नीट केली. मग म्हणाले, "ती बाटली खराब हाय, ते मला पैल्याच दिशी कळलं व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"उजेडाकडं धरली न्हवं. पाण्यावानी असती ती, हिच्यात बारीक तंतू दिसलं. गढूळ."

"मग टोचलीत कशाला? मला परत का नाही दिलीत?"

"परत दिली असती तर तुम्ही तीच टोचली असती, ताई. तुम्ही कुठं बघत व्हता उजेडाकडं?" ते शांतपणे म्हणाले. "म्हणलं, दहा दिस तर हायेत. जरा जादा टोचू, निघंल. माजा अंदाज चुकला. माजी चूक."

मी रागावले त्यांच्यावर. खरंच रागावले, ओरडले, की तुम्ही काय देव लागून गेलात, फोन करायचा, माझ्या थोबाडीत मारायची. ते हसले. म्हणाले, "ओवाळणी दिलेली परत मागत्यात व्हय?" वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या. पदराचं टोक हातात धरून त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांनी मला माफ केलेलं नाही. आजवर नाही. ते बरोबरच आहे.

त्यानंतर त्यांचं इन्सुलिन मी नेते. दर महिन्याला, थर्मासात बर्फ घालून. तेच, आपल्याकडचं, आता ते दुकानात मिळतं. यानं फिटत नाही हे मला कळतं. डॉक्टरांना मी अजून काहीही सांगितलेलं नाही. ते निवृत्त झालेत. त्या फाइलीत अजून 'बाटली फुटली' असंच असेल, आणि माझ्या वहीतले ते दहा दिवसांचे चांगले आकडेही.

मी पोचते ती त्यांच्या जेवणाची वेळ असते. थर्मास उघडून बाटली त्यांच्या हातात देते. ते ती सवयीनं वर धरतात, एक डोळा मिटतात, फिरवतात. दिसत काहीच नाही. मग हात पुढं करून बाटली मला देतात.

"ताई, बघा बरं. साफ हाय का?"

मी उठून दारात जाते. बाटली उजेडाकडं धरते, उलटी करते, पुन्हा सरळ करते. वहिनी माझ्या हाताकडं बघत असतात. मी पुन्हा एकदा बघते.

"साफ आहे, दादा."

मग ते सदरा वर करतात.